आस

तांब्याचं अॅसिटेट, चमचाभर, निळसर हिरवं,
लिगंडची पांढरी पूड, पाणी, थोडं अल्कोहोल,
टेफ्लॉनच्या डबीत बंद, वर पोलादी कवच.
एकशे वीस अंशांवर तीन दिवस,
मग तासाला पाच अंश, याच चालीने खाली.
घाई केली की नुसती भुकटी पडते,
हे मी सात वेळा शिकले.

आठव्यांदा ऐरोलीत वीज गेली नाही.
डबीच्या तळाशी निळे स्फटिक,
मिठाच्या खड्याहून बारीक,
कडा मात्र पैलू पाडल्यासारख्या.
मी मोजलेसुद्धा. मग स्वतःलाच हसले.

लोक विचारतात, घरात कुणाला झालाय का कॅन्सर?
नाही.
मला तांब्याचा रंग आवडायचा, एवढंच.
असं सांगितलं की त्यांचा चेहरा जरा पडतो.

महिन्याने रचनेचं चित्र आलं.
तांब्याला चार हात, हरेक हातात एक लिगंड,
त्याच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा तांबं,
पुन्हा हात, पुन्हा टोक.
कागदाच्या कडेला ते थांबतं
ते कागद संपला म्हणून.

मढवी मामा आमच्याकडे काचसामान धुतात.
त्याआधी खाडीत होते,
खाडीत मासळी होती तोवर.
ओले हात मागे धरून त्यांनी स्क्रीन पाहिली.
"ये त जालं हाय," म्हणाले.
"आस केवरा?"

मी ऐकलं, आस केवढी?
आणि खरंच उत्तर शोधत बसले.
मग ध्यानात आलं, मामांचा आस पुल्लिंगी आहे:
चार गाठींच्या मधली मोकळी जागा,
जिच्यावर ठरतं काय अडकणार, काय सुटणार.

नऊ अँगस्ट्रॉम, मी म्हटलं. खूपच बारीक.
"मंग पिलांना सोरशील कशी?"

तसं नसतं मामा, मी समजावू लागले,
हे जाळं काही पकडत नाही,
पेशीत शिरल्यावर ते उसवतं, तांबं मोकळं होतं,
आणि मग तांबं काय ते करतं...
ते ऐकत होते. बादलीत पाणी भरत होते.

पुढचे पंधरा दिवस भांडण विरघळण्याशी.
इतकी घट्ट वीण
की कुठल्याच द्रावकात सुटेना.
घुसळून, हलवून कसंबसं गढूळ केलं,
थर्माकोलच्या खोक्यात कुप्या,
मांडीवर खोकं, बसने खारघर.

तिथे रुबीना डोंगरकर चाचण्या करते.
शहाण्णव खळग्यांची प्लेट,
खळग्यात पेशी, पेशींवर माझं निळं,
दोन दिवसांनी पिवळा रंग घालायचा.
जिवंत पेशी तो जांभळा करतात.
मेलेल्या तसाच ठेवतात, पिवळा.
जांभळा म्हणजे श्वास, असं मी मनात धरलेलं.

फोटो रात्री आला.
स्तनाच्या कर्करोगाची ओळ
चौथ्या मात्रेपासून पुढे पिवळी, लख्ख.
मी खुर्चीवरून उठले.
लगेच रुबीनाचा फोन:
"नाचू नकोस. खालची ओळ बघ."

खालच्या ओळीत निरोगी पेशी होत्या.
चौथ्या मात्रेपासून पुढे
त्याही पिवळ्या.

वहीत लिहिलं: परिणामकारक. निवडक नाही.
पेन तसंच धरून बराच वेळ.
दोन्ही वाक्यं खरी होती
आणि एकमेकींकडे बघत नव्हती.

सकाळी मामांना सांगितलं, पिलं सुटली नाहीत.
त्यांनी चंबू उजेडात धरला,
आत निळी रेघ राहिली होती, परत घासला.
मी म्हटलं, लिगंड लांबवते,
दोन कार्बन जास्त, आस मोठा होईल.
"कर," म्हणाले.
"पन आमी बी बदललेला आस, दोनदा."

खाडी खिडकीतून दिसते आमच्या.
दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

नववी डबी आत आहे.
ओव्हनच्या दारावर माझी चिठ्ठी:
शुक्रवारपर्यंत उघडू नये.
तिच्याखाली, साबणाने अक्षरं फुगलेली, दुसऱ्या हातातली:
लाइट गेली तर मना फोन करा. मढवी.